टाळी दोनला आणि चारला

स्टेशनाजवळच्या मारुतीच्या आरतीला नवखा माणूस आला की हमखास गोंधळायचा. आरती ओळखीची, चाल ओळखीची, पण घंटा भलत्याच ठिकाणी वाजायची. लोकांची टाळी पडली की तिच्या मागून घंटा, पुन्हा टाळी, पुन्हा मागून घंटा. नवखा बिचारा दोन-चार टाळ्या चुकायचा आणि मग हात जोडून नुसताच उभा राहायचा. घंटा वाजवणारे पुजारी म्हणजे आमचे गोविंदअण्णा. कपाळावर ठसठशीत गंध आणि त्याच्या वर तेल लावून काढलेला केसांचा उंच कोंबडा. हिंगोलीतले पहिले, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचे, रॉक अँड रोल गायक.

अण्णा तरुणपणी हैदराबादला एका हॉटेलात वाढपी होते. तिथे रोज संध्याकाळी बँड वाजायचा. एकदा गाणारा आजारी पडला आणि अण्णा हातातला ट्रे ठेवून माइकसमोर उभे राहिले, ते पुढे उभेच राहिले. रॉक अँड रोल तेव्हा तिकडेही नवंनवंच होतं. पण वडील गेले, मारुतीची पूजा दुसरं कोण करणार, म्हणून ते परत आले. सोबत एक गिटार होती आणि हा कोंबडा होता. गावातल्या लग्नाच्या बँडमधली माणसं फोडून त्यांनी गावच्या नदीच्या नावाने ‘ऑर्केस्ट्रा कयाधू’ काढला. नव्वदच्या सुमाराला मी बँकेच्या नोकरीसाठी हिंगोलीत आलो आणि त्यांच्याकडे ड्रम वाजवू लागलो. अण्णांच्या घरच्या काकू म्हणायच्या, "सकाळी देवाला उठवतेत अन् संध्याकाळी गावाला झोपू देत न्हाईत."

गाणी अण्णांची स्वतःची असत. सगळ्यात गाजलेलं गाणं मोंढ्यातल्या, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजारातल्या, हमालाचं, ‘चल गं हळदी, जल्दी जल्दी’. मोंढ्यात पोती उचलताना हमाल ते म्हणायचे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या लग्नांत तर त्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरायचा नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या नायकाने, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, मात्र ते तीनदा ऐकून अण्णांना नम्रपणे विचारलं होतं, "नाचायला झ्याक हाय. पर गाणं कवा सुरू व्हनार?"

गावाने अण्णांना भरभरून प्रेम दिलं. त्यांना हवी होती ती एकच गोष्ट दिली नाही, ती म्हणजे टाळी. चार मोजायचे, तर आपल्याकडची टाळी एकला आणि तीनला पडते. अण्णांना ती दोनला आणि चारला हवी होती. "एकला टाळी मारली का गाणं बसतंय," ते म्हणायचे, "दोनला मारली का उठतंय." हैदराबादच्या हॉटेलात भरलेला हॉल अशी टाळी द्यायचा, तो आवाज कानात घेऊन ते गावी आले होते. एकदा, फक्त एकदा, तो आपल्या गावाकडून ऐकायचा होता.

त्यासाठी ते चालू गाणं थांबवून शिकवणी घ्यायचे. पुसेगावला एका लग्नात वरात मांडवाशी आली आणि वऱ्हाड एकला टाळ्या वाजवू लागलं. अण्णांनी हात वर करून सगळं बंद केलं. "टाळ्या मारून राहिले का डास मारून राहिले तुमी? मोजा माझ्यासंगं." भर उन्हात वरात उभी करून मोजणी सुरू झाली. मुलीचा बाप हात जोडून आला. "अण्णा, मुहूर्त टळून राहिला." अण्णा शांतपणे म्हणाले, "तकलीफ घेऊ नका, पाव्हणं. चारला जमून राहिलंय, दोनचंच बाकी हाय." शेवटी भटजींनीच अण्णांच्या हाताला धरून त्यांना मांडवात नेलं, तेव्हा कुठे मागून वरात आत आली.

दोन हजारच्या पुढे अण्णांचे गुडघे गेले आणि लेकीने त्यांना औरंगाबादला न्यायचं ठरवलं. हळदीचे अडते रामकिसनशेठ हे अण्णांचे जुने भक्त. त्यांनी जाण्याआधी जाहीर सत्कार ठरवला. अण्णांची एकच अट होती, एक गाणं म्हणू द्यायचं. "हे शेवटचं हाय," मला म्हणाले. "आज जमलं तर जमलं."

कार्यक्रम चारचा होता, प्रमुख पाहुणे साडेपाचला आले. मग शाली सुरू झाल्या. तालीम, मोंढा, हमाल, भजनी मंडळ, प्रत्येकाची वेगळी शाल. सहा वाजता अण्णांचा फक्त कोंबडा दिसत होता. मांडीवरची गिटार शालींच्या खाली कुठेतरी होती. मग भाषणं. अण्णा कसे गात असत, हे प्रत्येकाने सविस्तर सांगितलं आणि अण्णा शेजारी बसून ऐकत राहिले. मी शेठच्या कानाशी लागलो, तर ते म्हणाले, "गाणं शेवटी ठेवलंय. आधी झालं तर लोकं पाहुण्यांसाठी थांबतील काहून?" मला त्या माणसाचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

पाहुणे उठले, घसा साफ केला, ‘आजच्या या मंगल प्रसंगी’ म्हणाले आणि वीज गेली. लोडशेडिंगला मी आयुष्यात तेवढ्या एकदाच दुवा दिला.

संधिप्रकाशात शालींचा ढीग हलला आणि अण्णा त्यातून बाहेर आले. मी ड्रमवर जाऊन बसलो. माइकची गरज त्या आवाजाला कधी नव्हतीच. ‘चल गं हळदी’ म्हणताच मैदान उठलं आणि टाळ्या पडल्या. एकला आणि तीनला.

मला वाटलं, आता हे थांबवणार, मोजायला लावणार आणि वीज येणार. पण अण्णा थांबले नाहीत. एका ओळीवर माझा ताल जरा अडखळला, कसाबसा सावरलो, आणि मान वर करतो तर अख्खं मैदान दोनला आणि चारला टाळी देत होतं. हमाल, भजनी मंडळ, पाहुणेसुद्धा. अण्णा डोळे मिटून गात होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि माझेही डोळे भरून आले.

शेठ दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगत सुटले, "शेवटी शिकवलंच अण्णांनी हिंगोलीला."

डेपोवर निरोप द्यायला गेलो तेव्हा मी माझ्या चुकीची माफी मागितली. अण्णा एसटीच्या खिडकीतून हसले.

"तू न्हाई चुकलास. ‘जल्दी’वर मीच एक मात्रा जास्त थांबलो. लोकं तिथंच टाळी मारून राहिले होते, गाणंच मी पुढं सरकवलं."

"एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं काहून नाही केलं?"

"इतकी वर्षं शिकवायचं होतं, बाबा," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी गायचं होतं."

गाडी हलली तसे ते पुन्हा वाकले. "शेठला सांगू नको."

अण्णा औरंगाबादहून परत आले नाहीत, पुढच्याच वर्षी तिकडेच गेले. शेठ अजून मांडवामांडवांत दोन-चारची गोष्ट सांगतात आणि सांगताना टाळी वाजवून दाखवतात, एकला. मी मान डोलावतो.