कोलूच्या पायरीवरच्या दोघी

महालय अमावास्या, नवरात्राचा आदला दिवस. हजर: सासूबाई, मोठी नणंद (तिला घरात सगळे अक्का म्हणतात), माझी मुलगी आणि मी. नवरा ओरत्तनाडूला ऑफिसात, म्हणून कोलूच्या, म्हणजे नवरात्रात बाहुल्या मांडायच्या पायऱ्यांच्या, फळ्या आम्हीच लावल्या.

पायऱ्यांवर पांढरं कापड अंथरलं. आमच्याकडे बाहुल्यांमध्ये सगळ्यांत आधी बसते ती मरप्पाचीची जोडी: लाल चंदनाचे, आता काळपट पडलेले नवरा-बायको. त्यांना दरवर्षी नवे कपडे नेसवायचं काम सासूबाईंचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंय, तरी हे काम त्या कुणाला देत नाहीत.

अक्का उन्हाळ्यात दार-ए-सलामहून कायमच्या परतल्या. त्यांचे यजमान तिथंच गेले. सामानाची लाकडी पेटी तेव्हापासून जिन्याखाली बंद. उघडू का, असं मी दोनदा विचारलं. तुमच्या घरात आधीच जागा कुठे आहे, दिवाळीनंतर मुलाकडे चेन्नईला जाईन तेव्हा नेईन, असं त्या म्हणाल्या. ते 'तुमच्या घरात' सासूबाईंना लागलं. हे अक्कांचं माहेर आहे.

त्या दिवशी बाहुल्यांना टेकू द्यायला कागदाचे बोळे कमी पडले. मुलीने अक्कांना विचारून पेटीचं झाकण काढलं. बोळ्यांबरोबर सामानही बाहेर आलं: थंड पेयांच्या डब्यांचा पत्रा कापून केलेली बस, फळ्यांवर सायकलच्या रंगाने रंगवलेली ठिपकेदार कोंबड्यांची चित्रं, आणि काळ्या लाकडात कोरलेल्या दोन आकृत्या. मुलीने त्या सासूबाईंच्या शेजारी ठेवल्या. थोड्या वेळाने आम्ही बघतो तर एकीला धोतरासारखी जरीची वेष्टी, दुसरीला रेशमी लुगडं नेसवून तयार. आमची खरी जोडी अजून डब्यातच.

इतक्या महिन्यांनी अक्का हसल्या. "आई, हे नवरा-बायको नाहीत. दोघी बायका आहेत. कांडण करताहेत."

सासूबाईंनी चाचपून पाहिलं. मुसळ हाताला लागलं. "वेष्टी नेसवली तरी बोलली नाही, गरीब आहे," म्हणाल्या आणि गाठ सोडायला लागल्या.

तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात तो छापील कांगा अक्कांनी पेटीतून काढला आणि त्याची पट्टी कापून स्वतः तिला नेसवली. जागा मी सांगितली. वर देव, मध्ये संत, खाली काम करणारी माणसं. दोघी खालच्या पायरीवर, चेट्टियार दुकानदाराच्या बाहुलीपुढच्या तांदळाशेजारी बसल्या. वर्षाला एक तरी नवी बाहुली लागते, तेही झालं.

"चेन्नईला जाताना काढून घेईन," अक्का म्हणाल्या.

"पायरीवर बसल्या, आता त्या घरच्या," सासूबाई म्हणाल्या. "तुला जायचं तर तू जा. ह्या नाही यायच्या."

अक्कांनी पेटीत परत काही ठेवलं नाही. चित्रं जिन्याला टेकून उभी आहेत. त्यांना हॉलमधली कुठली भिंत हवी, हे अक्कांना विचारायचं राहिलं आहे.