टॅपेटची फट

माझा उजवा कान लहानपणीच गेला. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीत डुंबताना कधीतरी त्यात पाणी शिरलं, पू झाला, आणि हकीम, गरम तेल, झाडपाला सगळं करूनही त्या बाजूनं ऐकू यायचं बंद झालं. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. डाव्या कानावर माझं भागत होतं. मुंबईत मोटारींचं काम शिकलो तेही त्याच कानाच्या जोरावर. इंजिन चालू करायचं, बॉनेटखाली जरा वाकायचं, आणि चारांपैकी कुठला सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे पेट घेत नाही, ते सांगायचं. सहसा मी चुकत नसे.

ह्याच गुणावर मामूंनी मला दुबईला बोलावून घेतलं. मामू म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. तिथल्या देरा भागात त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. एकोणीसशे साठनंतरची वर्षं होती, गाड्या थोड्या आणि मिस्त्री त्याहून थोडे. नवीन गिऱ्हाईक आलं की मामू माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "इसके कान के सामने इंजिन झूठ नहीं बोलता."

दुसऱ्या उन्हाळ्यात माझा डावा कान फुटला. तीन दिवस वाळूचा वारा चालला होता, अंगात ताप होता, आणि उशी सकाळी ओली लागली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी आत दिवा लावून पाहिलं आणि पडदा फाटल्याचं कागदावर लिहून दाखवलं. कापूस ठेव, पाणी जाऊ देऊ नकोस, वाट पाहा. किती दिवस, असं विचारलं तर त्यांनी नुसते खांदे उडवले.

मी कुणाला सांगितलं नाही. गावी आई आणि दोन लग्नाच्या बहिणी. कान नसलेला मिस्त्री म्हणजे पुढच्या बोटीनं परत, एवढंच मला दिसत होतं. डोक्याचा रुमाल कानावर ओढून घेतला. गॅरेजात सगळेच ओरडून बोलतात, तेव्हा ओठ बघून निभावता आलं. इंजिनांचंही काही काळ निभावलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून लाकडी मूठ दातांत धरली की आतली धडधड कवटीत उतरे. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला आणि तो मधूनच आत ओढला गेला की समजावं, मिस मारतंय. मग प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. जी काढल्यानं काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. हे सगळं हातांनी आणि डोळ्यांनी होत होतं.

टॅपेटचं तसं नव्हतं; तिथली बारीक टिकटिक त्या धडधडीत बुडून जायची. इंजिनातल्या प्रत्येक व्हॉल्व्हवर टॅपेटची एक छोटी दांडी असते, आणि त्या दोन्हींमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. फट जास्त झाली तर टिकटिक वाजतं. फट राहिलीच नाही तर लोखंड तापून वाढतं, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, दाब गळतो आणि शेवटी गाडी मरते. ही फट मोजायला पोलादाच्या पातळ पात्यांचं गेज मिळतं. माझं गेज पेटीत तळाशी पडून होतं. मी स्क्रू फिरवायचो तो आवाजावर, आणि आता एकाएकी गेज काढलं असतं तर मामूंना संशय आला असता.

शारजा-अजमानकडे उतारू नेणारे एक म्हातारे अरब ड्रायव्हर होते. तरुणपणी गलबतावरून मुंबईला फेऱ्या केलेल्या, म्हणून हिंदी चांगलं बोलायचे. सगळे त्यांना हाजी म्हणत. त्या उन्हाळ्यात ते पिकअप घेऊन आले आणि बोटानं हवेत टिकटिक करून दाखवली. मी झाकण उघडलं आणि स्क्रू आवळत गेलो. मला काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून मी हाजींच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी मान डोलावली तेव्हा थांबलो.

दहा दिवसांनी ते परत आले. गाडी मिस मारत होती. मी प्लग बदलले. आठवड्यानं पुन्हा आले. मी ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, वायरी बदलल्या. दोन्ही वेळा थंड इंजिनाला हँडल मारून दाबही पाहिला, तो ठीक होता. गॅरेजच्या दारातून गाडी चांगली जायची आणि वाळूत जाऊन मरायची.

तिसऱ्या वेळी हाजी खाली उतरले आणि बाकावर बसून राहिले. अजमानच्या अलीकडे मऊ वाळूत गाडीची ताकद गेली होती. उतारूंना भर उन्हात चालावं लागलं, आणि त्यांत हाजींची सूनही होती, दिवस भरत आलेली. मामू माझ्यासमोर उभे राहिले. ओठांवरून मला एवढंच समजलं, "तुला झालंय काय?"

मी तेलाच्या पिंपांच्या मागे जाऊन बसलो. जे माहीत होतं ते सगळं करून झालं होतं. खरा दोष एखाद्या आवाजात असणार, आणि तो माझ्यापर्यंत पोहोचणार नव्हता. पळून जावं असं वाटलं, पण पळायचं म्हटलं तरी पुढे समुद्र आणि मागे वाळू. शेवटी उठलो आणि हाजींना म्हटलं, गाडी तापवून बघू, चला.

शारजाच्या वाटेवर एका चढाला गाडीला धक्के बसू लागले. हाजी पुढे बघत काहीतरी बोलले. मी "हां" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे वळून पुन्हा विचारलं, मी पुन्हा "हां" म्हटलं. त्यांनी गाडी थांबवली, माझ्या कानाशी हात नेला आणि टाळी वाजवली. मी हललो नाही.

माझा रुमाल त्यांनी स्वतःच बाजूला केला. कापूस बघितला. मग तोंड अगदी जवळ आणून ओरडले, "कब से?"

"दो महीना."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि खुणेनं मला बोलावलं. "मैं सुनता हूँ. तू हाथ लगा."

मी इंजिन चालू ठेवून त्यांना सायलेन्सरशी बसवलं. त्यांनी गाल फुगवून फुस, फुस हवा सोडून दाखवली. मग इंजिन बंद करून मी तापलेल्या इंजिनालाच हँडल लावलं आणि सावकाश फिरवलं. एकदा अडलं, दुसऱ्यांदा अडलं, तिसऱ्यांदा अडलं, आणि चौथ्या वेळी हात लोण्यातून जावा तसा फिरला, म्हणजे एका सिलिंडरात दाबच नव्हता. झाकण काढलं. पेटीतून गेज शोधून सर्वांत पातळ पातं एकेका टॅपेटमध्ये घालत गेलो. तिसऱ्या सिलिंडरपाशी ते आत जाईना. तिथे फट नव्हतीच.

तो स्क्रू मीच आवळला होता. हाजींची टिकटिक बंद झाली ती ह्यामुळे.

"हाजी," मी म्हटलं, "ये मैंने किया है." स्वतःचा आवाज मला डोक्यातच घुमल्यासारखा येत होता, त्यामुळे बाहेर किती मोठ्यानं बोललो कुणास ठाऊक. ते झाकण माझ्या हातात देऊन बाजूला झाले. मग मटक्यातलं पाणी प्यायले, मला दिलं, आणि हातानं खुणावलं, यल्ला, चल, वापस.

गॅरेजात परतून इंजिनाचं हेड खोललं तेव्हा व्हॉल्व्हची कड जळून तुटलेली निघाली. मी तो व्हॉल्व्ह हातात घेऊन मामूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कानाला तोंड लावलं. "सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?" हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की गॅरेजातली सगळी माणसं काम थांबवून आमच्याकडे बघायला लागली.

भंगारातल्या एका इंजिनाचा व्हॉल्व्ह मी पेस्ट लावून दिवसभर घासून बसवला. फट गेजनं मोजली, चार वेळा. हाजींची गाडी नीट झाली. त्यांची सून सुखरूप बाळंत झाली, आणि हाजी हलव्याची परात घेऊन गॅरेजात आले. मी माझा वाटा बाजूला ठेवून दिला.

मामूंनी मला परत पाठवलं नाही. चालू इंजिनाला हात लावायचा नाही, बेंचवर बसून व्हॉल्व्ह घासायचे, असं ठरलं. पण माझी झोप उडाली होती ती दुसऱ्याच गोष्टीनं. त्या दोन महिन्यांत मी आणखी सात गाड्यांची टॅपेटं आवळली होती. गेज खिशात घालून मी एकेक गाडी शोधत निघालो. पाच दुबईतच सापडल्या. एक रास अल खैमाला गेली होती, तिथे हाजींनीच मला नेलं. सहांपैकी चार बिघडायच्या बेतात होत्या.

सातवा ट्रक होता, पाण्याची पिंपं वाहणारा. चालवणारा पठाण, त्याच्याबरोबर टपावर दोन माणसं. तो जबल अलीवरून किनाऱ्यानं अबुधाबीकडे गेला होता, जिथे तेव्हा रस्ता नव्हता, फक्त मिठाची ओली जमीन आणि चाकांच्या खुणा. तिकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी विचारलं. हिवाळ्यात डावा कान अर्धामुर्धा परत आला तेव्हा त्यांची उत्तरं मला ऐकूही येऊ लागली. कुणी म्हणे, असा ट्रक पाहिला होता. कुणी म्हणे, तो वेगळा. तो ट्रक मला कधीच सापडला नाही.