धरणाच्या पाण्यावरची हद्द

धाकटी बहीण नवऱ्याच्या माराला कंटाळून माझ्या घरी राहायला आली, तेव्हा कोर्टाने त्याला तिच्या आसपास फिरकायला मनाई केली. पण ती मनाई तो पाळतो की नाही, हे बघत कोण बसणार? तो पवना धरणाच्या पलीकडे राहायचा, आम्ही अलीकडे. म्हणून वकिलासमोर दोन्ही घरची माणसं बसली, तेव्हा बहिणीनेच अट घातली : त्याच्या फोनचं लोकेशन कायम आमच्या फोनवर दिसलं पाहिजे.

त्याचा चुलता भडकला. "गुराला लोढणं घालत्यात तसं आमच्या पोराला घालणार व्हय?"

"आबा, लोढणं मोकाट गुरालाच घालत्यात," बहीण म्हणाली.

मग त्याने ओलांडली की आमचा फोन वाजेल, ती हद्द आमच्या घरापासून किती ठेवायची, हा प्रश्न आला. चुलता म्हणाला, पाच किलोमीटर. आमच्याकडे अंतर सांगतात ते रस्त्याचं. रस्ता धरणाला वळसा घालतो, त्यामुळे त्याचं घर पंधरा किलोमीटरवर. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला आकडा तपासल्याशिवाय चैन पडत नाही. मी नकाशावर सरळ रेघ ओढली. पाण्यावरून अंतर दोनही भरेना, आणि त्याची तर मासेमारीची होडी. फोन अंतर सरळ रेघेतच मोजतो; पाच किलोमीटर धरले, तर तो घरी बसूनही हद्दीच्या आत, आणि खरंच निघाला तरी वेगळं काही कळणार नाही.

"पाण्यातनं कोण येतंय, ताई?" चुलता म्हणाला.

"ज्याच्याकडं होडी आहे तो."

हद्द मी पाण्याच्या मधोमध मागितली. शिवाय त्याचा फोन बंद झाला, तर तो निघाला असंच धरायचं. दोन्ही मान्य होईपर्यंत मी उठले नाही.

श्रावणातल्या एका संध्याकाळी फोन वाजला. ठिपका हद्द ओलांडून आमच्याकडे सरकत होता. मी पोलिसांना कळवलं आणि दार लावून घेतलं. बहिणीने ते उघडलं. शेजारच्या बायकांना हाका मारत ती काठावर गेली, मागोमाग मीही. होडी हाकेच्या अंतरावर आली होती.

"बोलायचंय फकस्त," तो म्हणाला.

"कोर्टात बोल. तू निघाल्यापास्नं दिसतुयास. पोलीस वाटंत हायेत."

होडी जरा वेळ तिथेच हलत राहिली, मग वळली. पोलीस आल्यावर मी घेऊन ठेवलेले स्क्रीनशॉट त्यांना दाखवले आणि तक्रार नोंदवली.

"थोडं दिस पुण्याला धाडा हिला," एक शेजारीण म्हणाली.

"लांब ऱ्हायचं त्यानं. मी का जाऊ?" बहीण म्हणाली, आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी काठावरच्या पर्यटकांच्या कॅम्पवर स्वयंपाकाच्या कामाला गेली.