मी जेवले की टीम हरायची

माझ्या जेवणावर माणसं पैसे लावत होती.

बराबर वाचलंत. मी हट्टा गावची. शाळा सातवीत सुटली आणि आता पुण्याच्या पलीकडं, चाकणला, एका मेसमध्ये भाकरी थापते. मेसच्या ताईंनी कसलाही कागद न बघता मला कामावर घेतलं, त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आमचे मालक (म्हणजे नवरा, राग आला तरी मी नाव घेत नाही, आणि सध्या राग फारच आहे) तिथंच एका गोदामावर हमाली करतात. माझ्या पगारातून मी गावाकडं पाच शेळ्या घेतल्या होत्या. त्या माझ्या सासूबाई सांभाळायच्या, त्यांना मी आत्याबाई म्हणते. दहा झाल्या की चाकण सोडून घरी परतायचं, असं ठरलं होतं. पाच झाल्या होत्या, पाच राहिल्या होत्या. मध्येच क्रिकेट आलं.

एका दुपारी मालक जेवायला आले, फोन मेसमध्ये चार्जिंगला लावला आणि हातपाय धुवायला गेले. तेवढ्यात फोन वाजला. मी उचलून हॅलो म्हटलं.

"भाभी, भैया किधर है? जल्दी बोलो, लगाया के खाया?"

आता मेसमध्ये ताट लगाया, ताट उठाया हेच दिवसभर कानावर पडतं. मला वाटलं, गोदामावरचं कुणीतरी माझ्या जेवणाची चौकशी करून राहिलं, आणि मी नुकतीच जेवून उठले होते.

"खाया," मी म्हटलं.

"कितना?"

"चार."

"पक्का चार?"

"झूठ काहेकू बोलू भैया, चारच खाया. साथ में ठेचा."

"ठीक है भाभी, लिख लिया."

फोन ठेवला आणि माझे डोळे भरून आले. परक्या मुलखात आपण किती भाकरी खाल्ल्या हे लिहून ठेवणारं माणूस कुणाला भेटतं? मालक आल्यावर मी कौतुकानं सगळं सांगितलं. ते होते तिथंच खाली बसले.

"अगं, तो सट्टेवाला व्हता."

"मग काय झालं? जेवलात का म्हणून इचारलं त्यानं."

"सट्ट्यात लगाया म्हंजे मोठी टीम जितणार. खाया म्हंजे ती हरणार. अन् चार म्हंजे चार हजार, भाकरी न्हाई."

"म्हंजे तुमी सट्टा खेळता?"

"आजपसून तू बी खेळतीस," मालक म्हणाले.

मला असा संताप आला की हातातला भाकरीचा गोळा तव्याऐवजी भलतीकडंच गेला असता. पण संध्याकाळी मोठी टीम हरली आणि चार हजार घरात आले. तिथंच हरलो असतो तर सुटलो असतो. आमचं वाटोळं झालं ते जिंकण्यानं.

पुढच्या मॅचपासून मालक माझ्या ताटासमोर अंपायरसारखे उभे राहू लागले. मी पोटभर जेवले तर खाया. ताट वाढून तसंच उठले तर लगाया. तीनपैकी दोनदा बराबर निघालं आणि ही बातमी माझ्याआधी हट्ट्याला पोचली.

"सूनबाई, काय करून राहिलीस?" आत्याबाईंचा फोन आला.

"मेथी निवडून राहिले, आत्याबाई."

"मेथीचं न्हाई इचारलं. आज जेवणार हायेस का न्हाई? इथं चार माणसं पैसे लावायला थांबलीत."

सहा वर्षांत बाईनं माझ्या जेवणाची कधी चौकशी केली नव्हती. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, हीच माझी चूक. मी फुगले. आणि पहिली शेळी विकायचं कुणी काढलं? मीच. "एकीच्या दोन व्हतील," असं मी माझ्या तोंडानं म्हणाले. आत्याबाईंनी ती शेजारच्या जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात नेऊन विकली. त्या मॅचला मी पाच भाकरी खाल्ल्या आणि मोठी टीम सहज जिंकली.

"एकेक मॅच काहून बघतीस?" मालक समजावू लागले. "सालभराचं बघ. लांबच्या हिशोबात फायदाच असतो."

दुसरी शेळी गेली, तिसरी गेली. मालकांना जिंकलेली प्रत्येक मॅच ओव्हरसकट पाठ, हरलेली एकही आठवेना. चौथ्या शेळीच्या वेळी मला ताप आला आणि पाणीही पोटात ठरेना.

"दोन घास तरी गिळ," मालक उशाशी बसून म्हणाले. "पैसे खायावर लागलेत."

"मी मरून राहिले अन् तुमाला मॅच दिसून राहिली?"

"मरू नको. बाराव्या ओव्हरपतोर भात तरी खा."

(मी दोन घास खाल्ले. टीम तरीही जिंकली.)

पाचवी शेळी गाभण होती. ती गेली त्या दिवशी मी मेसमध्ये पीठ मळता मळता मोठ्यानं रडायला लागले. ताईंनी गॅस बंद केला, मालकांना बोलावून घेतलं आणि विचारलं, "लगायाचा भाव काय होता?"

"चाळीस पैसे. टीम जितली तर रुपयामागं तेवढे मिळत्यात."

"आणि खायाचा?"

"बेचाळीस. टीम जितली तर रुपयामागं तेवढे द्यावे लागत्यात."

"मग ते मधले दोन पैसे कुणाचे?"

मालक बोटं मोजू लागले.

"अरे, टीम कुठलीही जिंको, ते दोन सट्टेवाल्याचेच. आज तू जिंकशील, उद्या हरशील, तो रोज दोन पैसे काढणार. मी मेस चालवते, मला कळतं. लांबच्या हिशोबात जेवणारा कधी फायद्यात नसतो, वाढणारा असतो. आणि हिच्या पोटात काय आहे, ते त्या बॉलरला कसं कळणार रे?"

सातवी शिकलेल्या मला हे इतक्या दिवसांत सुचलं नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मालकांनी मात्र ताईंच्या पायांवर हात ठेवला. "आजपसून सट्टा बंद."

"तुमी?" माझा सगळा संताप एकदम बाहेर आला. "महिनाभर टिकणार न्हाईत तुमी."

"टिकतो."

"टिकलात तर माझ्या पगारातून शेळी घेऊन देते, तुमच्या नावानं. लावता?"

"लावली."

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. तो का मारला, ते मला भाकऱ्या थापून झाल्यावर कळलं: हाही सट्टाच होता.

आज सव्विसावा दिवस. मालकांनी एकाही मॅचकडं ढुंकून पाहिलेलं नाही. आणखी चार दिवस असेच गेले तर एवढ्या सगळ्या खेळात शेळी जिंकणारा आमच्या घरात एकच माणूस निघेल: ज्यानं माझ्या पाच घालवल्या, तो. आणि मी रोज देवापुढं हात जोडून मागते, की मला हरव.