कोचचा आंबा

माझ्या खिडकीसमोरच्या मैदानावर एका क्लबाचा पगारी बास्केटबॉल संघ सराव करतो. संघ हरत राहिला की खेळाडू तेच राहतात, घरी जातो तो कोच. म्हणून आताचे कोच, सावंत सर, कुंडीत फक्त कोथिंबीर पेरायचे. महिन्याभरात हाताशी येते!

काल संघ पुन्हा हरला. आज सकाळी बघते तर सर कुंपणाशी आंब्याचं कलम लावतायत.

"अहो सर, आंबे धरायला चार-पाच वर्षं लागतील!"

"लागू देत. कोचला काढता येतं, आंबे खायला आलेल्या पाहुण्याला कोण हाकलतंय?"

भरवसा नसला की माणूस छोटंच पेरतो, असं मला वाटायचं.

तेवढ्यात क्लबचे मॅनेजर येताना दिसले. वाटलं, सरांना काढायलाच आले. पण त्यांच्या हातात पाण्याचा पाइप होता.

"सर, माझेही दोन आंबे धरा. माझी खुर्ची तरी कुठे पक्की आहे?"