लसणाची फोडणी

चाकणहून वजीरभाईंची सायकल महाळुंग्यात शिरली की गावातली पोरं अशी गडप व्हायची, की नवख्याला वाटावं, या गावात माणसं थेट म्हातारीच जन्माला येतात. कुणी कणगीत, कुणी कडब्याच्या गंजीत, एक पठ्ठ्या तर म्हशीच्या पोटाखाली! वजीरभाई देवीची लस टोचणारे; लशीची पेटी कायम बरोबर. गाव त्यांना 'देवी डॉक्टर' म्हणे, आणि आया पोरांना म्हणत, "झोप मुकाट, न्हाईतर त्यो पेटीवाला यील!"

गंमत अशी, की या माणसाला पोरांचं भारी वेड. बायको, झुलेखा, लवकर गेली. मूलबाळ झालं नाही. चाकणच्या खोलीत ते आणि त्यांचा स्टोव्ह, आणि दोघांत स्टोव्हच जास्त बोलका. पोरांसाठी म्हणून खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवत. त्या घ्यायला कुणी पुढं येत नसे. मग परतीच्या वाटेवर स्वतःच चघळत यायचे.

त्या उन्हाळ्यात पलीकडच्या एका वस्तीवर देवीची साथ आली. महाळुंग्यातली पोरं टोचून झाली. राहिला तो अंबूबाईचा नातू मालोजी, नुकता चालायला लागलेला. वजीरभाई दाराशी गेले, तर चौकटीला निंबाचा डहाळा. म्हणजे घरात देवी आल्यात, परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही. उशीर झाला की काय?

"आजी, पोराच्या अंगावर कधी उठल्या?"

"परवा," दाराआडून अंबूबाई म्हणाली. "जावा तुमी. आईचा कोप हुईल."

शेजारची शालनबाई विस्तव मागायला येत होती, ती डहाळा बघून वाटेतूनच माघारी फिरली. वजीरभाईंना मात्र जाता येईना. सगळं गाव ज्या दारापासून लांब पळतं, तिथंच थांबायची त्यांची नोकरी. ते समोरच्या दगडावर मटकन बसले.

तेवढ्यात आतून लसणाच्या फोडणीचा खमंग वास आला. चुर्रर्र!

आता, देवी घरात असली की त्या घरी फोडणी पडत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंबूबाईनं डहाळा आठवणीनं लावला होता, पण जेवणाची वेळ झाली आणि हात सवयीनं कढईकडं गेला.

"आजी," वजीरभाई हळूच म्हणाले, "देवीला लसूण चालतो व्हय?"

आत उलथनं ठणकन पडलं. त्या आवाजावर मालोजी खदखदून हसला, आणि वजीरभाईंचा जीव भांड्यात पडला.

दार किलकिलं झालं. "टोचल्यावर ताप येतो, डॉक्टर. ह्याची आई बाळंतपनातच गेली, बाप मुंबैला गिरनीत. ह्येला काय झालं तर मला कोन हाय?"

"ताप येतो, खोटं कशाला बोलू? पण उतरतो." वजीरभाई दगडावरून उठून दाराशी आले. "माझ्या तोंडाकडं बघा, आजी. मला आल्या होत्या लहानपणी. आमचं घर भावंडांनी भरलेलं होतं. आता मीच तेवढा उरलोय."

त्या वणांनी भरलेल्या तोंडाकडं अंबूबाईनं पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग डहाळा काढला आणि पोराला मांडीवर घेऊन बसली. "टोचा. पन हळू हां, बाबा."

आठवड्यानं वजीरभाई दंड बघायला आले. फोड झकास धरला होता, म्हणजे लस लागू पडली होती. त्यांना बघताच मालोजीनं असा टाहो फोडला, की शेजारची कोंबडी फडफडत उडाली. "काय छाती आहे पोराची!" वजीरभाई कौतुकानं म्हणाले, आणि लिमलेटची गोळी पुढं केली. पोरानं तोंड आजीच्या पदरात खुपसलं. गोळी अंबूबाईनंच घेतली.

ते निघाले तसं तिच्या तोंडून सवयीनं गेलं, "या हां परत." आणि तिनं जीभ चावली. देवी डॉक्टरला कुणी परत बोलावतं होय? मग म्हणाली, "म्हंजी, ती पेटी घरी ठिवून या. भाकरी खायाला."

"येतो," ते म्हणाले.

पण सायकल चालवता चालवता त्यांना कोडंच पडलं. इतक्या वर्षांत पेटीशिवाय ते कुणाच्या दारी गेले नव्हते. दाराशी उभं राहून हाक काय मारायची, तेच आठवेना.