देवी नव्हे, कान

जानेफळात कडब्याची गंजी रचावी ती मनकर्णाबाईनंच. खालून पेंड्या फेकणारे गडी दमत. पण वर उभं राहून त्या झेलणारी, माथा असा बांधणारी की पाऊस नुसता घसरून जावा, ती साठी उलटलेली बाई दमत नसे. नवी नवरी असताना कोणीतरी टोमणा मारला होता, "गंजीवर बाईमाणूस?" तिनं वरूनच सुनावलं, "मंग तू ये वर!" तो काही आला नाही.

यंदा मात्र गंमतच झाली. देवळात आरतीला घंटा वाजवायला तिनं मान वर केली अन् देऊळच गरगर फिरलं. ती झुलली, खांबाला बिलगली. झालं! शेजारची सुभद्राबाई ओरडली, "देवी आली वं माय!" कोणी कपाळाला कुंकू फासलं, कोणी पायाशी नारळ ठेवला. सुभद्राबाईनं तर लगेच विचारलं, "माय, माही हरवलेली म्हैस कुठी हाये?"

"देवी नाही, चक्कर आली मले!" खांब न सोडता मनकर्णाबाई खेकसली. "म्हशीचं मले काय मालूम?"

पण गाव कुठं ऐकतं? दुसऱ्या दिवसापासून दारात बाया. इकडे खाटेवर कूस बदलली की घर फिरायचंच. नवरा भगवानराव म्हणाले, "देवी असो का बिमारी, आता गंजीवर चढाचं नाही. दुसरा माणूस सांगतो."

"काऊन? देवी आली तं पाटावर बसा, बिमारी आली तं खाटेवर बसा. बसूनच मरू काय मी?"

सून योगिनी तिला मेहकरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे, उमैमाताईंकडे घेऊन गेली. वाटभर सासूबाईंची कटकट, "कान? मले तं पाल चुकचुकली तरी ऐकू येते!"

उमैमाताईंनी तिला झटकन आडवं केलं, मान एका बाजूला वळवून टेबलाच्या कडेबाहेर लोंबती. खोली फिरली. ताई तिच्या डोळ्यांकडे पाहत होत्या; बुबुळं थरथरत होती.

"मावशी, कान नुसता ऐकत नाही, तोलही धरतो. आत हाडात तीन नळ्या आहेत, बांगडीच्या तुकड्यांसारख्या वाकलेल्या, पाण्यानं भरलेल्या. मान वळली की पाणी हलतं, आतले बारीक केस मेंदूला खबर देतात. शेजारी खडूच्या भुकटीसारखे कण असतात. त्यातले काही सुटून नळीत शिरलेत. तुम्ही थांबता, पण ते सरकत राहतात. मेंदूला वाटतं, अजून फिरतोय."

"म्हंजे चुकार वासरू दुसऱ्याच्या कोठ्यात शिरलं म्हणा की! हाकला मंग त्याले."

ताई हसल्या. तिची मान हळूहळू इकडून तिकडे वळवली, कुशीवर घेतली, मग उठवून बसवली. खोली पुन्हा फिरली, पण मनकर्णाबाईनं टेबलाची कड घट्ट धरून सोसलं. "आठवडाभर शिडी चढू नका. पुन्हा झालं तर पुन्हा या," ताईंनी बजावलं.

आठवडा तिनं पाळला. मग भर अंगणात, दारातल्या बायांदेखत खाट टाकली, या कुशीवरून त्या कुशीवर लोळली, मान मागे टाकून आभाळ पाहिलं. काही नाही!

"पाहा, गेली तुमची देवी! जा आता आपापल्या घरी."

भगवानराव पुटपुटत का होईना, शिडी धरून उभे राहिले. वर जाऊन तिनं पदर खोचला. "पाहता काय? फेका की!"

पेंडी त्यांनी मुद्दामच उंच भिरकावली. तिनं मान पार मागे टाकली अन् डोक्यावरून जाणारी ती पेंडी दोन्ही हातांनी झेलून पायाखाली दाबली.